खुर्चीत बसून लेझर : स्वरतंतूंवर पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या चामखिळींचं एक प्रकरण

बेळगावच्या एपीएमसीत सकाळी बटाट्याचे सौदे निघतात, तेव्हा पुकारा करणाऱ्याचा आवाज पलीकडच्या गाळ्यापर्यंत पोचावा लागतो. पोत्यांच्या थप्प्या, हमालांची ये-जा, गोव्याला भाजी नेणाऱ्यांची घाई, आणि त्यात मराठीत सुरू झालेला दर कानडीत वाढत जातो. या प्रकरणातले रुग्ण एका अडत दुकानात हेच काम करायचे. चाळिशी नुकतीच ओलांडलेली, गाव तालुक्याच्या पश्चिम भागातलं, घरी आई, पत्नी, दोन शाळकरी मुलं आणि तांबड्या मातीची थोडी जमीन.

माझ्याकडे ते आले तेव्हा पूर्ण भूल देऊन घशाच्या तीन शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. बोलताना शब्दाआधी हवाच बाहेर पडत होती. "फुटनाच झालाय वो आवाज," ते म्हणाले. "सौद्याला हुबा ऱ्हायलो की लोक म्हणतात, मोठ्यानं सांग की." पत्नीची काळजी वेगळी होती. "रात्री ह्यांस्नी दम लागतंय. झोपले की घरघर ऐकू येतंय, मी जागीच असतंय." दोघांच्या तक्रारींचं मूळ एकाच जागी होतं, तरी त्या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. आवाज गेला तर रोजगार जातो. श्वासाची वाट बुजली तर माणूस जातो. उपचार ठरवताना आधी श्वासाच्या वाटेचा विचार करायचा आणि मग आवाजाचा.

त्याआधीची हकिगत आमच्या भागात वरचेवर ऐकायला मिळते. आवाज घोगरा व्हायला लागला तेव्हा सगळ्यांनाच कारण पटलं होतं: बाजारात ओरडून घसा बसला, त्यात बटाट्याची धूळ. ज्येष्ठमध, हळद-दूध, मिठाच्या गुळण्या झाल्या. अँटिबायोटिकचे कोर्स झाले. मग चालताना दम लागू लागला, तेव्हा कुणीतरी दम्याचा पंप सुरू केला. क्षयाची शंका म्हणून एक्स-रे आणि थुंकीची तपासणी झाली, दोन्हींत काही निघालं नाही. पंपानं काडीचा फरक पडला नाही आणि तरीही तो कितीतरी महिने चालू राहिला. या सगळ्या काळात स्वरयंत्र दुर्बिणीतून कुणी पाहिलंच नव्हतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. दम्याची शिट्टी बहुतेक वेळा श्वास सोडताना वाजते. स्वरयंत्रापाशी वाट अरुंद झाली, तर आवाज श्वास आत ओढताना येतो. हा फरक ओळखायला यंत्र लागत नाही. शांत खोली लागते, आणि रुग्णासमोर अर्धा मिनिट गप्प बसायची तयारी लागते. दुसरी गोष्ट: आवाज बसून चार आठवडे झाले आणि सुधारत नाही, तर स्वरयंत्र बघायलाच हवं. विडी किंवा तंबाखूची सवय असेल, तर तेवढंही थांबू नये. निपाणी-चिकोडीच्या पट्ट्यात तंबाखूवर घरं चालतात आणि तोंडात तंबाखू असणं कुणाला वावगं वाटत नाही. त्या गावांत हे वाक्य प्रत्येक पंचायतीच्या भिंतीवर रंगवलेलं बघायला मला आवडेल. आपल्या या रुग्णांनीही तरुणपणी विडी ओढलेली होती. त्यांचा पहिला तुकडा तपासणीला गेला तेव्हा कर्करोग निघाला नाही, एवढं दैव बरं.

निघाला तो पॅपिलोमा, म्हणजे स्वरतंतूंवरची चामखीळ. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे ती उगवते. ११ नंबरचा जास्त दांडगा. आजार लहान मुलांत दिसतो, तसा मोठेपणीही उद्भवतो. ओरडण्यानं किंवा धुळीनं तो होत नाही. ओरडण्यानं स्वरतंतूंवर घट्टे पडतात, पॉलिप येतात, ती वेगळी बाब. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव दिसला. आपल्या धंद्यानंच आपला गळा धरला, असं मनाशी घेऊन ते इतकी वर्षं जगत होते.

या आजाराचं खरं दुखणं म्हणजे तो परत येतो. दिसणारी गाठ काढली, तरी तिच्या शेजारच्या, डोळ्यांना अगदी निरोगी दिसणाऱ्या अस्तरात विषाणू दडून असतो. शेतातली हरळी वरवर खुरपली की आठ दिवस रान स्वच्छ दिसतं, तसंच. म्हणून "सगळं काढून टाका एकदाचं" ही रुग्णाची मागणी कितीही साहजिक असली, तरी शस्त्रक्रियेला ती पुरी करता येत नाही. सगळं काढायच्या नादात जास्त खोल गेलं, तर नुकसान स्वरतंतूचं होतं.

हे नुकसान कसं होतं ते समजून घ्यायला हवं, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. स्वरतंतूवर वर पातळ अस्तर असतं, त्याखाली मऊ, लिबलिबीत थर असतो आणि त्याखाली स्नायू. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरतात. ती थरथर मधल्या मऊ थरामुळे शक्य होते. तिथे एकदा व्रण बसला की तो भाग ताठ होतो, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा मऊ करण्याची खात्रीची शस्त्रक्रिया आज नाही. त्यातही नाजूक जागा म्हणजे दोन्ही तंतू पुढच्या टोकाला जुळतात तो कोपरा. तिथे दोन्ही बाजूंना एकाच वेळी जखम झाली, तर भरताना दोन्ही तंतू एकमेकांना चिकटतात आणि मध्ये पडदा तयार होतो. आपल्या रुग्णांच्या त्या कोपऱ्यात असा एक छोटा पडदा आधीच धरलेला होता.

पहिल्या दोन शस्त्रक्रियांत गाठी मायक्रोडिब्रायडरनं, म्हणजे गाठ कातरून ओढून घेणाऱ्या फिरत्या पात्यानं, काढल्या होत्या, तिसऱ्या वेळी कार्बन डायऑक्साइड लेझरनं. हा लेझर स्वरयंत्रासाठी १९७२ च्या सुमारास बॉस्टनमध्ये स्ट्राँग आणि जॅको यांनी वापरात आणला, आणि पुढची कित्येक वर्षं या आजारात त्याचाच बोलबाला राहिला. त्याची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ती पाण्यात शोषली जाते आणि शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत पाणी असतं. त्यामुळे तो उत्तम कापतो, पण कापताना गाठ आणि निरोगी अस्तर यांत भेद करत नाही. तो भेद शस्त्रक्रिया करणाऱ्याच्या हातानं करायचा. या तिन्ही शस्त्रक्रिया जिथे झाल्या तिथे त्या निगुतीनं झाल्या होत्या. कागद वाचून मला तरी त्यांत बोट ठेवायला जागा दिसली नाही.

खोट वेगळीकडे होती. प्रत्येक शस्त्रक्रियेनंतर आवाज काही महिने बरा राहायचा आणि मग पुन्हा खालावायचा. पण ते लगेच परत जात नसत. पूर्ण भूल म्हणजे आधी रक्त, एक्स-रे, कार्डिओग्राम, फिटनेस, मग भरती, सोबत एक माणूस, सौद्याचे बुडालेले दिवस, शिवाय "पुन्हा जाग येईल ना" ही भीती. त्यामुळे श्वास अडेपर्यंत ते कळ काढत. तोवर गाठी वाट बुजवण्याइतक्या वाढलेल्या असत, मग शस्त्रक्रियाही मोठी, जखमही मोठी आणि व्रणही मोठा. पुढची शस्त्रक्रिया कधी हे आजाराच्या वाढीवर ठरतच नव्हतं. ते खर्चावर आणि भीतीवर ठरत होतं. तिसऱ्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरांना नेहमीची नळी घालता आली नाही, बारीक नळीवर भागवावं लागलं. चौथ्या वेळी याहून सोपं होईल असं मानायला काहीच आधार नव्हता.

मी नाकातून लवचीक दुर्बीण घालून पाहिलं. दोन्ही स्वरतंतूंच्या पुढच्या भागावर गुलाबी, दाणेदार वाढ होती आणि प्रत्येक दाण्याच्या मध्यभागी तांबडा ठिपका. डाव्या तंतूच्या खाली, श्वासनळी सुरू होते तिथे, आणखी एक छोटा चट्टा. त्याखाली नळी मोकळी. वाट अरुंद होती, पण बसल्या जागी श्वासाला आवाज नव्हता आणि बोटावरच्या ऑक्सिजनच्या मापात कमी दिसत नव्हती. एका श्वासात "आ" किती वेळ ओढता येतो ते पाहिलं, तर सहा सेकंदांच्या आसपास. निरोगी पुरुषाला वीसेक सेकंद सहज जमतं. आवाजामुळे रोजच्या जगण्यात किती अडचण होते याची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली असते, चाळीसपैकी गुण. अकराच्या वर गेलं की अडचण खरी मानायची. त्यांचे एकतीस आले. एका प्रश्नाला त्यांनी उत्तर देण्याआधी पत्नीकडे बघितलं: आवाजामुळे लोकांत मिसळायचं टाळता का? गावातल्या भजनाला ते दोन वर्षं गेले नव्हते.

दाण्यांमधले ते तांबडे ठिपके म्हणजे रक्तवाहिन्या. पॅपिलोमाच्या प्रत्येक फुटव्याच्या गाभ्यात एक रक्तवाहिनी असते आणि तिच्यावर तो जगतो. खुर्चीत बसवून जो लेझर देतात, त्याची सगळी युक्ती या ठिपक्यात आहे. केटीपी नावाच्या या लेझरचा प्रकाश हिरवा, तरंगलांबी ५३२ नॅनोमीटर. तो पाण्यातून जवळपास तसाच पुढे जातो आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये शोषला जातो. म्हणजे वरचं अस्तर फार न दुखवता आतली रक्तवाहिनी गोठते आणि गाठ पांढरी पडते. कापायचं काही नाही. मेलेला भाग पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आपोआप गळून जातो. बॉस्टनमध्येच स्टीव्हन झायटेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात आधी ५८५ नॅनोमीटरचा पल्स्ड डाय लेझर आणि मग हा केटीपी जाग्या रुग्णांवर वापरून दाखवला. लेझरची तार अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असते, ती नाकातून घातलेल्या दुर्बिणीच्या वाहिनीतून जाते. अलीकडे ४४५ नॅनोमीटरचा निळा लेझरही याच कामासाठी आला आहे.

पूर्ण भूल नाही, भरती नाही, घशात नळी नाही. ऐकायला इतकं सोपं वाटतं की प्रत्येकाला हेच द्यावं. पण तसं नाही. लहान मुलाला जागेपणी असं बसवता येत नाही. गाठींनी वाट फार बुजली असेल, तर खुर्चीत हात घालणं धोक्याचं, कारण थोडी सूज आली तरी उरलेली वाट जाते. कर्करोगाचा संशय असेल, तर खोल आणि मोठा तुकडा लागतो, तो भुलीखालीच नीट घेता येतो. उमासे आवरत नसतील तर काम होत नाही. आणि हृदयविकार किंवा ताब्यात नसलेला रक्तदाब असेल, तर थांबायचं. जागेपणी घशात काम चालू असताना नाडी आणि रक्तदाब दोन्ही चढतात. खुर्चीतल्या उपचाराचं नाव हलकं असलं, तरी त्यात शरीरावर ताण असतो.

आपल्या रुग्णांचा रक्तदाब १६०/१०० निघाला. आधी कधी मोजलाच नव्हता. म्हणून लेझर बाजूला ठेवला आणि गोळ्या सुरू करून काही आठवडे थांबलो. ते नाराज झाले, "त्यात रक्तदाबाचा काय संबंध वो?" असं दोनदा विचारलं. या मधल्या काळात मी एक केलं, जे प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत करावं असं मला वाटतं. नाक-घसा बधिर करून, दुर्बीण आत ठेवून त्यांना दहा मिनिटं बसवलं. "ई" म्हटलं की स्वरतंतू जवळ येतात, फुलाचा वास घेतल्यासारखं नाकानं हुंगलं की दूर होतात. हे दोन्ही हुकमासरशी करायची सवय लावली. अडचण वाटली तर डावा हात वर करायचा, बोलायचं नाही.

याच काळात घरातली एक गोष्ट कळली. विषाणूचा आजार आहे हे ऐकल्यापासून आईनं त्यांचं ताट-तांब्या वेगळा काढला होता. धाकट्या मुलीला त्यांच्या मांडीवर बसू देत नव्हत्या. पत्नी सगळ्यांसमोर काही बोलल्या नाहीत. मग एकट्याच आत आल्या आणि पदराशी चाळा करत त्यांनी विचारलं, हा रोग वाईट वळणानं येतो का? मोबाईलवर कुणीतरी त्यांना काहीबाही दाखवलं होतं.

मी त्यांना सांगितलं ते असं. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे कितीतरी प्रकार आहेत आणि आयुष्यात कधी ना कधी त्यांपैकी एखादा बहुतेकांच्या अंगात येऊन जातो. बहुतेकांचं शरीर तो काढून टाकतं. काही थोड्यांचं स्वरयंत्र तो काढू शकत नाही. एखाद्याला तो कुठून आणि कधी लागला हे कुणी डॉक्टर सांगू शकत नाही. अमुक एका वागण्याचा हा पुरावा आहे असं म्हणणंही बरोबर नाही. एका ताटात जेवल्यानं, तांब्या वापरल्यानं किंवा पोरीला मांडीवर घेतल्यानं घरच्यांना स्वरयंत्राचा हा आजार होतो असं दिसत नाही. मग आईंना बोलावलं आणि हेच पुन्हा त्यांच्या भाषेत सांगितलं. कागदावर छापील माहिती होती, पण ती कानडीत आणि इंग्रजीत. आमच्याकडे रुग्णालयाचे फॉर्म असेच असतात. बाजारात चारही बाजूंची भाषा बोलणारी माणसं आजारपणात मात्र आईच्या भाषेत विचारतात, म्हणून समजावून सांगणं मराठीतच व्हायला हवं, सही कुठल्याही भाषेतल्या फॉर्मवर असो. आई उठताना म्हणाल्या, "मग आधी का सांगितलं न्हाई कुणी?" लेझरच्या तांत्रिक बाजूवर आम्ही डॉक्टर तासन्‌तास बोलतो. या प्रश्नाला दहा मिनिटं देत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

धूर मात्र खरोखर जपण्याची गोष्ट आहे. लेझरनं पॅपिलोमा जळतो तेव्हा निघणाऱ्या धुरात विषाणूचा डीएनए सापडलेला आहे. १९९१ साली नॉर्वेतून एका लेझर वापरणाऱ्या सर्जनचीच नोंद प्रसिद्ध झाली, त्यांच्या स्वतःच्या स्वरयंत्रावर पॅपिलोमा उगवले होते. म्हणून खोलीतल्या सगळ्यांच्या तोंडावर चांगला मास्क आणि धूर ओढून घेणारी नळी, या दोन्ही गोष्टी लागतातच.

हे यंत्र माझ्याकडे नाही. पुण्यातल्या एका आवाजाच्या दवाखान्यात ते आहे आणि तिथले सर्जन माझ्या ओळखीचे. प्रश्न पैशाचा आला. कर्नाटकात आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजना आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांपर्यंत न्यायचं ठरवलं, हे त्यांना पेपरातून ठाऊक होतं आणि ते मोठ्या आशेनं रेशनकार्ड घेऊनच आले होते. पण दवाखाना खाजगी होता, कुठल्याच योजनेत नव्हता. अडत्यानं उचल दिली, थोडं सोसायटीतून काढलं. अशा वेळी रुग्णांना माझं सांगणं असतं की शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडे, जाऊन, हा उपचार, याच नावानं, या रुग्णालयात बसतो का, हे स्पष्ट विचारा. भरती न होता होणाऱ्या उपचारांबद्दल तर नक्कीच. तारखेच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

ठरलेल्या दिवशी मीही पुण्यात होतो. सकाळी रक्तदाब पुन्हा मोजला, बरा होता. काही तास पोट रिकामं ठेवलं होतं. नाकात बधिर करणाऱ्या औषधाचे कापसाचे बोळे, घशात लिग्नोकेनचा फवारा. मग गळ्याच्या पुढे, कंठमण्याच्या खाली जो मऊ खळगा लागतो, तिथून बारीक सुईनं श्वासनळीत औषध. सुईत हवेचे बुडबुडे आले की जागा बरोबर. औषध आत जाताच जोराचा खोकला येतो, आणि तो यायलाच हवा. त्या खोकल्यानंच औषध स्वरतंतूंवर नीट पसरतं. आधी सांगून ठेवलं नसेल तर रुग्ण इथेच घाबरतो. लिग्नोकेन किती वापरायचं ते वजनावर ठरतं. ओठांना मुंग्या आल्या, कानात गुणगुण सुरू झाली, तर तिथेच थांबायचं.

दारावर लेझरची पाटी लावली. सगळ्यांच्या डोळ्यांवर त्याच तरंगलांबीचा प्रकाश अडवणारे चष्मे, रुग्णांच्याही. ऑक्सिजनची नळी नाही, कारण लेझर आणि ऑक्सिजन एकत्र आले की आगीचा धोका. आधी चिमट्यानं दोन छोटे तुकडे तपासणीसाठी घेतले. तिसऱ्या शस्त्रक्रियेनंतर बराच काळ गेला होता आणि या आजारात क्वचित कर्करोग उद्भवतो, म्हणून हे टाळू नये. मग तार पुढे सरकवली. तारेचं टोक पडद्यावर दिसल्याशिवाय लेझर सोडायचा नाही, नाहीतर दुर्बीण आतून जळते. यंत्रावर ३५ वॉट, १५ मिलिसेकंदांचा ठोका, सेकंदाला दोन ठोके, ही नेहमीची मांडणी. "हुंगा." तंतू उघडले. हिरवा ठिपका पडला आणि गुलाबी दाणा पांढरा झाला. "ई म्हणा." पुढचा. पडद्यावर गाठ रंग बदलताना ते स्वतः बघत होते. मध्ये एकदा हात वर गेला. थांबलो, थुंकी ओढली. "लागत न्हाई," ते कुजबुजले, "जरा चटका बसल्यागत होतंय."

डावा तंतू पूर्ण, त्याखालचा चट्टा पूर्ण, पुढच्या कोपऱ्यात फक्त डावी बाजू. उजवीकडे बऱ्याच गाठी दिसत असूनही तिथे थांबलो. हात शिवशिवतात अशा वेळी, कारण सगळं समोर असतं आणि रुग्णही "घ्या की आत्ताच" म्हणतात. पण आधीच धरलेला तो पडदा आठवून थांबावं लागतं. पुन्हा खुर्चीत बसवणं सोपं आहे, म्हणूनच अर्ध्यावर थांबणं परवडतं. भुलीखाली सर्जनला हे परवडत नाही. पुन्हा भूल द्यायला नको म्हणून तो एकाच वेळी जमेल तेवढं उरकतो. माझ्या मते खुर्चीतल्या लेझरचा सगळ्यांत मोठा फायदा हाच आहे. आपल्या चर्चेत भूल वाचली, भरती वाचली एवढंच येतं.

अर्ध्या तासाच्या आत काम झालं. पुढचे दोन तास पाण्याचा थेंबही नाही, कारण बधिर घशाला पाणी कुठे चाललंय ते कळत नाही आणि ते थेट श्वासनळीत जातं. त्या रात्री त्यांना बेळगावच्या बसमध्ये बसू दिलं नाही. सूज यायची तर बहुधा पहिल्या दिवसात येते, आणि कराडच्या पुढे मध्यरात्री श्वास अडला तर कुठे थांबणार? नातेवाइकाकडे पुण्यातच मुक्काम झाला. तीन दिवस पूर्ण मौन, मुलाची पाटी घेऊन. नंतर हळूहळू बोलणं. कुजबुजायचं मात्र नाही, त्यानं घशावर उलट ताण येतो.

पहिले दोन आठवडे आवाज आधीपेक्षा वाईट झाला. हे आधीच सांगितलं होतं, तरी फोन आलाच. तुकड्यांत कर्करोगाचं किंवा त्याच्या पूर्वस्थितीचं काही नव्हतं. दीडेक महिन्यानं उजवी बाजू केली. तेव्हापासून आम्ही कामाची वाटणी केली आहे. दर तीन महिन्यांनी मी बेळगावात दुर्बिणीतून बघतो, चित्रफीत पुण्याला पाठवतो, आणि गाठ दिसली तरच ते जातात. ती हरभऱ्याएवढी व्हायची वाट आता कुणी बघत नाही. दीड वर्ष झालं. मध्ये काही वेळा खुर्चीत लेझर द्यावा लागला, पूर्ण भूल एकदाही नाही. रात्रीची घरघर थांबली आहे. "आ" अकरा सेकंदांपर्यंत गेला, प्रश्नावलीचे गुण सतरावर आले. आवाज मोकळा झाला नाही आणि होणारही नाही, जुने व्रण आहेत तिथेच आहेत. स्पीच थेरपिस्टनं श्वासावर जोर देऊन, गळा न आवळता बोलायला शिकवलं. अडत्यानं सौद्यासाठी कमरेला लावायचा छोटा स्पीकर घेतला. सुरुवातीला त्यांना त्याची लाज वाटायची, आता शेजारच्या गाळ्यानंही घेतला आहे. भजनाला ते जातात. टाळ वाजवतात, पालुपदात सूर मिळवतात, चढ्या स्वरात जात नाहीत.

औषधांच्या बाजूनं या आजारात आता हालचाल आहे. फार पसरलेल्या, फुफ्फुसाकडे उतरलेल्या रुग्णांत बेव्हासिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारं औषध शिरेतून देऊन गाठी आवरल्याचे अनुभव प्रसिद्ध झाले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं प्रौढांमधल्या याच आजारासाठी शरीराची विषाणूविरोधी प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या एका इंजेक्शनला मान्यता दिली. आपल्या या रुग्णांची पायरी तिथवरची नाही, आणि नसावी. पण त्यांच्या मुलांसाठी करण्यासारखं आजच आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक ही लस २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली. ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची म्हणून ओळखली जाते, पण तिच्यात ६ आणि ११ हे प्रकारही आहेत आणि ती मुलग्यांनाही देता येते. ऑस्ट्रेलियात चार प्रकारांची अशी लस सरसकट दिल्यावर लहान मुलांतला स्वरयंत्राचा हा आजार नवीन दिसणं जवळपास थांबलं. मुलीचा डोस झाला आहे. मुलाच्या बाबतीत आजीचं "पोराला कशाला?" चालू आहे. या सुट्टीत त्यालाही घेऊन यायचं ठरलं आहे.

त्यांच्या मोबाईलच्या कव्हरमध्ये मी एक कार्ड ठेवायला लावलं आहे, मराठी, कानडी आणि इंग्रजीत. श्वास आत घेताना आवाज यायला लागला, तर पुण्याची वाट न बघता थेट जवळच्या मोठ्या रुग्णालयात जायचं, हे त्यांच्यासाठी. खालच्या ओळी तिथल्या डॉक्टरांसाठी: स्वरयंत्रात पॅपिलोमा आहेत, पुढच्या कोपऱ्यात व्रण आहे, मागच्या वेळी नळी अवघड गेली म्हणून बारीक नळी हाताशी ठेवा, आणि जीव वाचवायला दुसरा मार्ग असेल तोवर गळ्याला छिद्र पाडू नका, त्यानं हा आजार श्वासनळीत खाली उतरण्याचा धोका वाढतो.